दोन गळ्यांचे पाखरू

माझा आवाज बसला तो फाल्गुनात. आधी वाटले, परीक्षा जवळ आल्या, जादा तास घेतले, घसा धरला असेल. एकशेवीस मुलांचा वर्ग, खिडकीखालून वाहणारा रस्ता, आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचलाच पाहिजे असा माझा हट्ट. दर वर्षी या सुमारास घसा धरतोच. हळद-दूध झाले, ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, शेजारणींनी सांगितलेला कंकोळही झाला. आवाज काही येईना. आणि यायचा तो असा, की फोनवर माझ्या सख्ख्या बहिणीने "भावोजी, जरा ताईला देता का?" असे मलाच विचारले.

शेवटी घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकातून एक बारीक दुर्बीण आत सोडली आणि समोरच्या पडद्यावर माझा गळा मला दाखवला. वीस वर्षे ज्याच्या जिवावर मी पोट भरले ते यंत्र त्या दिवशी मी प्रथम पाहिले. चिमट्याच्या पात्यांसारख्या दोन पांढुरक्या पट्ट्या. डॉक्टर म्हणाले, "ई म्हणा." मी म्हटले. पट्ट्या जवळ आल्या, थरथरल्या. पण नीट मिटेनात, कारण दोन्हींच्या कडांवर मोहरीएवढी एकेक गाठ होती आणि फटीतून वारा निसटत होता.

"बायकांच्या या पट्ट्या बोलताना सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकींवर आपटतात," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही त्यांना वीस वर्षं ओरडायला लावलंत, बाई. टाळ वाजवून वाजवून हाताला घट्टे पडावेत, तसं झालंय हे."

उपाय ठरला. आधी दोन आठवडे पूर्ण मौन, कुजबूजसुद्धा नाही. मग आवाजाचे व्यायाम. त्यानेही गाठी बसल्या नाहीत, तर शस्त्रक्रिया.

घरी येऊन मी धाकटीची जुनी पाटी शोधून काढली. मराठीची प्राध्यापिका आणि मौन, ही जोडी घरच्यांना किती गमतीची वाटली ते सांगत नाही. आमच्या 'ह्यां'नी तर पाटीवरच्या माझ्या मजकुरातली शुद्धलेखनाची एक चूक काढून वीस वर्षांचा सूड उगवला. पण रात्री अंथरुणावर पडले की निराळेच विचार येत. आवाज परत आलाच नाही तर? गणिताचा माणूस फळ्यावर भागवून नेईल. कविता फळ्यावर लिहून शिकवता येत नाही.

मौनाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जाग आली ती दयाळाच्या गाण्याने. आमच्या मागच्या अंगणात शेवग्याचे झाड आहे आणि त्याच्या पलीकडे दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर टीव्हीची तबकडी. त्या तबकडीच्या टोकावर बसून तो गात होता. दयाळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बुलबुलाएवढा, वरून काळा कुळकुळीत, पोट आणि पंखांवरची पट्टी पांढरी, शेपटी सदा वर. गाणे मात्र मी कधी धड ऐकले नव्हते. त्या वेळी मी एकतर डबे भरत असे, नाहीतर बोलत असे.

आता बसून ऐकले. एक लांब शीळ, मग एक गिरकी, मग दोन-तीन बारीक टिपेचे ठिपके, पुन्हा शीळ. तासभर हा प्रकार. दम लागणे नाही, खाकरणे नाही. मी ज्या वस्तूसाठी पाटी घेऊन बसले होते ती हा लेकाचा फुकट उधळत होता! मला चक्क हेवा वाटला. बारावी शास्त्राची परीक्षा देऊन मोकळी झालेली धाकटी उठून आली, तेव्हा मी पाटीवर लिहिले, "याच्या घशाला गाठी कशा येत नाहीत?"

ती डोळे चोळत म्हणाली, "आई, तो घशातून गातच नाही."

तर हा लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे. पुढचे दीड-दोन महिने मी बोलत नव्हते किंवा फार थोडे बोलत होते, आणि धाकटी मला वाचायला आणून देत होती. त्यातले निम्मे डोक्यावरून गेले. राहिले ते मात्र मोठे नवलाचे आहे.

आपला आवाज निघतो तो श्वासनळीच्या वरच्या तोंडाशी, जिथे गळ्याची घाटी हाताला लागते तिथे. पाखरालाही तिथे एक झडप असते; पण ती आवाज काढत नाही. त्याची श्वासनळी खाली छातीत उतरते, दोन फुफ्फुसांकडे जायला तिला दोन फाटे फुटतात, आणि त्या फाट्यावर, म्हणजे जवळजवळ हृदयाच्या शेजारी, पाखराचे वाद्य बसवलेले असते. इंग्रजीत याला सिरिंक्स म्हणतात. सिरिंक्स ही ग्रीक पुराणातली एक वनदेवता. पॅन देव पाठीस लागला म्हणून ती बोरूचे बेट झाली, आणि त्याने त्याच बोरूंचा पावा केला. मराठीत या वाद्याला शब्दिनी असे नाव आहे. ज्याने कोणी हे नाव ठेवले असेल त्याला माझा नमस्कार. ज्या प्राण्याला शब्द नाही त्याच्या वाद्याला शब्दिनी म्हणायला रसिकता लागते.

हे कळल्यावर पहिली अडचण माझ्याच धंद्यात उभी राहिली. कोकिळकंठी, मंजुळ कंठ, कंठ दाटून येणे, सगळे आमचे वाङ्मय कंठात अडकलेले! आणि कोकिळेची गोष्ट तर याहून वाईट. एक म्हणजे 'कुहू' करतो तो नर, मादी नुसते किक्-किक् करते. हे मला आधीपासून ठाऊक होते आणि तरी मी वर्गात 'कोकिळा गाते' असेच शिकवत आले. दुसरे म्हणजे, पक्षिशास्त्राने ज्यांना गानपक्षी म्हणून वेगळे काढले आहे त्यांत कोकिळ मुळी बसतच नाही. गानपक्ष्यांच्या शब्दिनीला बारीक स्नायूंच्या पाच-सहा जोड्या असतात. कोकिळाच्या यंत्रात असे स्नायू फारच थोडे. आणि गानपक्ष्यांच्या यादीत कोण बसतो? कावळा! त्याच्या छातीत सगळे वाद्य जागच्या जागी आहे. दयाळ, बुलबुल, चंडोल, शिंपी, साळुंकी यांच्याच मोठ्या गोतावळ्यातला तो. घरात तानपुरा आहे म्हणून सगळेच काही गवई होत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

सासूबाईंना मी हे पाटीवर लिहून दाखवले. त्या म्हणाल्या, "तरीच पितरांच्या वेळी त्यालाच बोलावतात." याचा संबंध मला अजून लागलेला नाही.

आता खरी गंमत. शब्दिनी दोन फाट्यांवर बसलेली असल्यामुळे गानपक्ष्याला आवाजाची जागा एक नसते, दोन असतात. डाव्या फाट्यात एक, उजव्या फाट्यात एक. प्रत्येकीला आपापल्या गुबगुबीत ओठांची जोडी, आपापले स्नायू, आणि मेंदूकडून येणारी आपापली शीर. म्हणजे एका पाखराच्या छातीत दोन गळे.

ही कल्पना ज्याने जगापुढे ठसठशीत मांडली तो माणूस धंद्याने पक्षिशास्त्रज्ञ नव्हता. क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट हा रसायनाचा अभियंता, अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट या बलाढ्य कंपनीचा अध्यक्षही होता. गुंजन पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा त्याला नाद. त्या नादातून तो पाखरांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणांकडे वळला, आणि त्यांचे आलेख तपासताना त्याला दिसले की काही पाखरे एकाच क्षणी दोन स्वर काढतात, आणि त्या दोन स्वरांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एकाच तारेतून असे निघणे शक्य नाही. १९६८ साली त्याने यावर पुस्तकच लिहिले. अमेरिकेच्या रानात 'वुड थ्रश' नावाचा एक कस्तूर आहे. तो स्वतःच स्वतःची साथ करतो. आपल्याकडे गवयाला साथीदार मिळाला नाही तर मैफल रद्द होते.

ग्रीनवॉल्टने कागदावर दाखवले, पण पाखराच्या छातीत डोकावून पाहणे बाकी होते. फर्नांडो नॉटेबोम या शास्त्रज्ञाने १९७१ च्या सुमारास 'चॅफिंच' नावाच्या युरोपातल्या चिमुकल्या पाखराची शब्दिनीकडे जाणारी डावी शीर कापली, तर त्याच्या गाण्यातले बहुतेक सूर गळून पडले. उजवी कापली, तर थोडेच गेले. म्हणजे दोन गळ्यांतला एक मुख्य गवई आणि दुसरा मागे बसणारा. हा प्रयोग वाचताना माझा हात नकळत गळ्याकडे गेला. ज्ञानासाठी का होईना, गाणाऱ्याचा आवाज कापायचा! पण वाचणे काही सोडले नाही, हेही खरे.

पुढे इंडियाना विद्यापीठातल्या रॉडरिक सदर्सने कापाकापी न करता हा प्रश्न सोडवला. पाखराच्या दोन्ही फाट्यांत त्याने उष्णतेतला सूक्ष्म फरक टिपणारे इवलेसे मणी बसवले. ज्या बाजूने वारा वाहील त्या बाजूचा मणी थंड होणार. मण्याच्या तारा बाहेर यंत्राला जोडलेल्या. शुद्धीवर येऊन पाखरू पिंजऱ्यात पुन्हा गाऊ लागले, की कोणता सूर कोणत्या बाजूने निघाला ते यंत्र लिहून घेई. १९९० साली त्याने हे प्रसिद्ध केले. पाखरू कधी डावीकडून गाते, कधी उजवीकडून, कधी दोन्हींकडून एकदम. आणि जी बाजू नको असेल तिचा रस्ता स्नायू आवळून पार बंद करून टाकते.

यातला मला सर्वांत आवडलेला प्रकार 'कार्डिनल' या तांबड्याभडक पाखराचा. हा एक स्वर खालून वर सलग चढवत नेतो. अगदी मींड म्हणावी अशी. सदर्सच्या मण्यांनी सांगितले की तिचा खालचा भाग डावीकडून निघतो आणि वरचा उजवीकडून. सेकंदाला साडेतीन हजार कंपनांच्या आसपास डावा गळा गाणे उजव्याच्या हाती देतो. आणि ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही!

आमच्या वरच्या मजल्यावर एक गायनशिक्षिका राहतात. साऱ्या इमारतीच्या त्या 'बाई'. वय सत्तरीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. माझ्या मौनाच्या दिवसांत त्या रोज संध्याकाळी खाली येऊन माझ्याजवळ बसत. आवाज गेलेल्या माणसाविषयी गाणाऱ्याला जी एक धास्ती आणि माया असते ती त्यांच्यापाशी होती. कार्डिनलचे मी त्यांना लिहून दाखवले. त्यांनी पाटी लांब धरून दोनदा वाचली.

"मुलींना मी हेच सांगून दमले," त्या म्हणाल्या. "खालचा आवाज आणि वरचा आवाज जिथे मिळतो तिथे जोड दिसता कामा नये. दहा-दहा वर्षं जातात त्यात. आणि हे पाखरू... डावीकडे खर्ज म्हणालात ना? उजवीकडे तार?"

मी मान हलवली.

"म्हणजे डग्गा आणि तबला!"

हे कोणा शास्त्रज्ञाच्या लेखात नाही, हे बाईंचे. पण इतके चपखल आहे की मी दुसरी उपमा शोधलीच नाही. कार्डिनल काय, कॅनरी काय, अनेक गानपक्ष्यांत डावी बाजू खालच्या स्वरांची आणि उजवी वरच्यांची. ऑस्ट्रेलियातला 'झेब्रा फिंच' मात्र उलटा, त्याचा उजवा गळा खालचा. डावरा तबलजी असतोच की कुठेकुठे.

आता श्वासाचे सांगते, कारण माझ्या डॉक्टरांच्या मते माझे सगळे दुखणे तिथेच होते. मी वाक्य संपेपर्यंत श्वास घेत नाही आणि शेवटचे शब्द घसा आवळून काढते. कॅनरीचे गाणे आपण ऐकले असेल. एकच सूर सुईच्या टाक्यांसारखा भराभर, किती तरी वेळ चालतो. इतका श्वास त्या मूठभर देहात मावतो कुठे? तर मावत नाहीच. दर दोन टाक्यांच्या मध्ये ते पाखरू एक चिमुकला श्वास आत ओढते. खर्च झाला तेवढाच, पै-पैचा हिशेब. सेकंदाला तीसपर्यंत टाके असले तरी ते दर टाक्याला श्वास घेऊ शकते. त्याहून जलद गायचे तर मग श्वास रोखून एका दमात गावे लागते, आणि असा तुकडा साहजिकच लवकर संपतो. आमच्या संगीतात याला श्वास चोरणे म्हणतात. सेकंदाला तीस वेळा चोरी करणारा चोर मात्र बाईंनीही पाहिला नव्हता.

त्याला भाताही निराळा आहे. आपली फुफ्फुसे फुगतात आणि मिटतात. पाखराची जवळजवळ जागच्या जागी असतात आणि त्यांच्या पुढेमागे पातळ वायुकोश, म्हणजे हवेच्या पिशव्या, असतात. पेटीच्या भात्याचे काम त्या पिशव्या करतात. शब्दिनी स्वतः अशाच एका पिशवीच्या आत बसलेली असते. बाहेरून त्या हवेचा दाब असल्याशिवाय तिचे ओठ नीट वाजत नाहीत.

हे ओठ वाजताना प्रत्यक्ष पाहिले कोणी? हा प्रश्न मला पडायचे कारण उघड आहे, माझे मी नुकतेच पाहिले होते. फ्रांझ गोलर आणि ओले लार्सन यांनी पाखराच्या श्वासनळीत केसासारखी बारीक दुर्बीण उतरवून ते पाहिले, आणि १९९७ साली सांगितले. तोपर्यंत समज असा होता, की फाट्याच्या आतल्या भिंतीचा पातळ पडदा ढोलकीसारखा थरथरतो. दुर्बिणीत दिसले ते निराळे. दोन बाजूंच्या दोन मऊ गाद्या पुढे सरकतात, एकमेकींना भिडतात आणि वाऱ्याने फडफडतात. तो पडदा निकामी केला तरी गाणे थोडेसेच बदलले. २०१५ मध्ये कोएन एलेमन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की पक्ष्यांच्या या गाद्या वाजतात त्या माणसाच्या गळ्यातल्या पट्ट्यांसारख्याच नियमाने. म्हणजे जागा निराळी, वंश निराळा, पण वाऱ्याने कड उचलायची आणि कडेने पुन्हा मिटायचे, ही युक्ती एकच. माझ्या मोहरीएवढ्या गाठी आणि समोरच्या तबकडीवरचा तो गवई, आमचे नाते एवढे जवळचे निघाले.

मग फरक कशात? एक फरक स्नायूंच्या चपळाईत. याच एलेमन्सने २००८ साली साळुंकीच्या कुळातल्या युरोपीय स्टार्लिंगचे आणि झेब्रा फिंचचे शब्दिनीचे स्नायू मोजले. ते सेकंदाला अडीचशे वेळांपर्यंत आवळून सैल होत कामाचे राहतात. आपल्याला पापणी लवायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात हा स्नायू पंचवीस वेळा कामाला लागून मोकळा होतो. दयाळाच्या त्या बारीक ठिपक्यांची नक्षी अशा हातांची आहे.

दुसरा फरक मला फार उशिरा कळला, आणि तो कळण्याआधीच मी त्याचा उपयोग करत होते. मौनाचे दोन आठवडे संपल्यावर आवाजाचे व्यायाम सुरू झाले. त्यांतला मुख्य व्यायाम असा, की अर्ध्या पेल्यात पाणी घ्यायचे, शहाळ्याला लावतात तशी नळी त्यात बुडवायची, आणि नळीतून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे. घरात हसू आवरेना. मलाही हा पोरखेळ वाटला. पण खरेच, नळीतून काढलेला सूर घशाला बोचत नसे. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी कारण सांगितले : पट्ट्यांच्या पुढे नळी लांब झाली की तिच्यातल्या हवेचा मागे रेटा मिळतो, आणि पट्ट्या जोराने न आपटता हलक्या हाताने वाजतात.

आणि मग धाकटीने २०१९ सालचा एक लेख आणून दिला. पाखराने आवाजाची जागा गळ्यातून छातीत का नेली असावी, यावर तो होता. लेखकांचे म्हणणे थोडक्यात असे, की वाजणारे ओठ नळीच्या बुडाशी बसवले की वरची सगळी श्वासनळी त्यांना मदत करते. थोड्या श्रमात मोठा आवाज निघतो. त्या चार लेखकांत गोलर होता, आणि इंगो टिट्झेही होता. हा टिट्झे म्हणजे गायकांना आणि शिक्षकांना नळीतून गुणगुणायला शिकवणारा आवाजाचा प्रसिद्ध अभ्यासक! मी पेला आणि नळी घेऊन जे दहा मिनिटे उसने आणत होते, ते दयाळाच्या छातीत जन्मापासून बसवलेले होते. त्या दिवसापासून मी बुडबुडे जरा अदबीने काढू लागले.

आतापर्यंत झाले ते सूर कसा जन्मतो त्याचे. पण छातीत निघालेला सूर तसाच बाहेर येत नाही. वाटेत त्याला घडवतात. स्टीफन नॉविकी याने १९८७ मध्ये गानपक्ष्यांना हेलियम मिसळलेल्या हवेत गायला लावले. जत्रेतल्या फुग्यातली हवा तोंडात घेऊन मुले बदकासारखी बोलतात, तोच हा वायू. त्या हवेत पाखरांचे मूळ स्वर बदलले नाहीत, पण एरवी ऐकू न येणारे वरचे पडसाद त्यांच्यात मिसळून आले आणि शुद्ध शीळ जरा खरखरीत झाली. म्हणजे एरवी श्वासनळी आणि तोंड मिळून ते जादा पडसाद गाळून टाकत होते. गव्हातले खडे निवडावेत तसे. २००६ साली कार्डिनल गात असताना क्ष-किरणांनी त्याची चलचित्रे घेतली, तेव्हा हे निवडणे डोळ्यांना दिसले. खालच्या स्वराला ते पाखरू जिभेच्या मुळाशी असलेले हाड खाली खेचून घशाची पोकळी फुगवते, वरच्या स्वराला ती आवळते. दर सुराला पोकळी त्या सुराला मिळवून घेते. वरच्या सुरांना चोचही अधिक उघडते. हे कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी पहाटे यांची दुर्बीण घेऊन दयाळाकडे पाहत बसले. शिळेला चोच बेताची, टिपेच्या ठिपक्याला आ वासलेली. "जबडा सोडा, जबडा सोडा," असे बाई वरच्या मजल्यावर मुलींना ओरडत असतात, ते आठवून मला हसू आले. आणि हसण्याला डॉक्टरांची मनाई नव्हती.

एवढे सगळे यंत्र असले तरी ते आपोआप वाजत नाही. इथे पुन्हा कोकिळ आणि कावळा आठवतात. कोकिळाचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते, बापाचा सूर त्याला कोणी शिकवत नाही. तरी मोठे झाल्यावर ते 'कुहू'च करते. त्याचे गाणे जन्माबरोबर आलेले. गानपक्ष्याचे तसे नाही. केंब्रिजच्या विल्यम थॉर्प याने १९५० नंतरच्या दशकात चॅफिंचची पिल्ले एकांतात वाढवली. ती गाऊ लागली, पण गाण्याचा नुसता कच्चा सांगाडा; लांबी साधारण तेवढी, पण बांधणी नाही, शेवटची गिरकी नाही. गुरू पाहिजेच. पीटर मार्लरने सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या चिमण्या ऐकल्या, तर थोड्या मैलांवर गाण्याची तऱ्हा बदलते. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी शिकवताना मी जे मुलांना सांगते, ते जसेच्या तसे!

पण मला चटका लावला तो मासाकाझू कोनिशीच्या १९६५ सालच्या निष्कर्षाने. त्याने अशा काही पोरसवदा चिमण्या घेतल्या ज्यांनी गुरूचे गाणे ऐकले होते, पण स्वतः अजून गायला सुरुवात केली नव्हती. त्यांची श्रवणशक्ती काढून टाकली. गाणे स्मरणात होते, छातीतले वाद्य धडधाकट होते. तरी त्यांना ते कधीच जमले नाही. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आल्याखेरीज सूर त्या ठरलेल्या जागी बसत नाही. मी पाटी मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. पंधरा दिवसांत मी माझाच आवाज विसरू लागले होते. पहाटे उठल्यावर मनातल्या मनात एखादी ओळ म्हणून बघे, तर ती माझ्या नव्हे, कोणत्या तरी आकाशवाणीवरच्या बाईच्या आवाजात ऐकू येई.

त्या आठवड्यात धाकटीने आणखी एक कागद पुढे केला. मला वाटते, मुद्दामच. शिकागोच्या दोघा शास्त्रज्ञांनी २००० साली झोपलेल्या झेब्रा फिंचच्या मेंदूतल्या पेशींचे स्पंदन टिपले होते. दिवसा गाताना त्या पेशी ज्या क्रमाने चमकतात, त्याच क्रमाचे तुकडे रात्री झोपेत पुन्हा उमटतात. चोच बंद, आवाज नाही, आणि आत उजळणी चाललेली. बाईंना हे दाखवले तर त्या म्हणाल्या, "आमच्या गुरुजींचा घसा वर्षभर गेला होता. तेव्हा ते नुसते तंबोरा लावून बसायचे." एवढे बोलून त्या उठून गेल्या.

दयाळाचे बिऱ्हाड आमच्याच भिंतीत निघाले, पावसाच्या पाण्याच्या जुन्या नळाच्या भोकात. वैशाखात पिल्ले बाहेर पडली. जूनअखेर डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. एक गाठ जवळजवळ बसली होती. दुसरी खसखशीएवढी उरली होती. तूर्त शस्त्रक्रिया नको, पण वर्गात ध्वनिक्षेपक घेतल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, असे त्यांनी बजावले. कमरेला बांधायचा एक छोटा ध्वनिक्षेपक मी आणला आहे. मुले मला 'बसकंडक्टर' म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

आषाढातल्या एका संध्याकाळी पाऊस थांबला होता. मी गॅलरीत पेला आणि नळी घेऊन 'ऊ' करत बसले होते. कपडे वाळत घालायच्या दोरीवर छातीला ठिपके असलेले दयाळाचे एक पोर येऊन बसले आणि चोच न उघडता पुटपुटू लागले. मध्येच शीळ सुरू करून ती मोडून टाके, पुन्हा पुटपुटे. मी थांबले नाही, तेही थांबले नाही. इतक्यात वरच्या गॅलरीतून बाई वाकल्या.

"सूर किंचित उतरतोय हं!"

आम्ही दोघांनीही वर पाहिले.